बुळकांडी गेली, मग लाळ्या का जाईना?

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात लाळ्या-खुरकुताची लस टोचायला उभं राहिलं की एक प्रश्न हटकून यायचा. विचारणारा बहुधा साठी ओलांडलेला असायचा, खिलार खोंडाचं दावं हाताला गुंडाळून उभा. "डॉक्टरीणबाई, बुळकांडी तुम्ही लोकांनी पार घालवली. मग ही लाळ्या का जाईना?" तरुण पोरं असं विचारत नसत. गाईबैलांची बुळकांडी त्यांनी पाहिलेलीच नव्हती. ती ज्याला बुळकांडी म्हणतात तो शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर. त्याच्याकडे शेवटी येते.

मागे जनावरांची रांग आणि मालकांची घाई. तेव्हा "लाळ्याच्या जाती लय आहेत, मामा" एवढं बोलून मी पुढच्या मानेला सुई लावायची. उत्तर बरोबरच होतं, फक्त तोकडं होतं. सविस्तर सांगायचं तर एका इंग्रज पशुवैद्याच्या केनियातल्या कामाबद्दल बोलावं लागलं असतं, आणि त्याला बाजारात सवड कोणाला? आता मी निवृत्त आहे.

त्या पशुवैद्याचं नाव वॉल्टर प्लाउराइट. १९२३ साली लिंकनशायरमधल्या होलबीच गावी जन्म, १९४४ साली लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातून पदवी, मग लष्कराच्या पशुवैद्यक दलातून पूर्व आफ्रिका. पुढची बरीच वर्षं त्यांनी नैरोबीजवळच्या मुगुगा इथल्या संशोधन संस्थेत काढली. बुळकांडीच्या लशीसाठी त्यांना १९९९ साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. त्यांच्याबद्दल छापून येतं ते बहुतेक या एका लशीपुरतंच. मला मात्र त्यांचं काम महत्त्वाचं वाटतं ते वेगळ्या कारणानं. या माणसानं तीन मोठ्या रोगांवर सारख्याच चिकाटीनं काम केलं. त्यातला एक पृथ्वीवरून गेला, दोन अजून ठाण मांडून आहेत. माणूस एकच, हात तेच. मग फरक कुठं पडला, हे पाहिलं की सांगोल्याच्या मामांचं उत्तर आपोआप सापडतं.

आधी बुळकांडी काय होती ते सांगते, कारण ही आठवण झपाट्यानं पुसली जात आहे. मी स्वतः ती एकदाच पाहिली, नोकरीच्या सुरुवातीला. सणकून ताप. डोळ्यांतून आधी पाणी आणि मग पू. तोंड उघडून पाहावं तर हिरड्यांवर आणि जिभेखाली कोंडा भुरभुरल्यासारखे पांढुरके डाग. दोन दिवसांत ते सोलून लाल जखमा होतात. त्यानंतर हगवण. पातळ, रक्ताची, पिचकारी उडावी तशी, आणि तो वास कपड्यांतून जात नाही. डोळे खोल जातात, जनावर बसतं आणि उठत नाही. रोग नवखा असलेल्या कळपात शंभरातली नव्वद जनावरं मरायची. आपल्याकडं रोग पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला, त्यामुळे गावठी जनावरं थोडी तग धरायची. म्हशी आणि संकरित गाई मात्र पटापट पडायच्या.

विषाणू गोवराच्या कुळातला. गोवर हा बुळकांडीच्याच पूर्वजापासून माणसात आला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. दोघांची एक खोड सारखी आहे: शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींवरच ते आधी चालून जातात. बुळकांडीनं मेलेल्या जनावराचं आतडं उघडलं तर आतड्याच्या भिंतीतल्या प्रतिकारपेशींच्या गाठी अक्षरशः सडून रिकाम्या झालेल्या दिसत. म्हणूनच एरवी गप्प पडून असलेले रक्तातले परजीवीही या संधीला डोकं वर काढायचे. पण यातून जे जनावर वाचलं त्याला ती पुन्हा कधीच होत नसे. जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. बुळकांडीतून उठलेल्या बैलाला बाजारात चार पैसे जास्त मोजले जात, असं माझे वडील सांगत.

या रोगानं जी उलथापालथ केली तिचे धागे आपल्यापर्यंत येतात. १७६१ साली फ्रान्समधल्या लियॉनला जगातलं पहिलं पशुवैद्यक विद्यालय निघालं ते मुख्यतः बुळकांडीच्या धास्तीनं. १८८७ च्या सुमारास इटलीच्या फौजेसाठी एरिट्रियात उतरवलेल्या गुरांबरोबर ती आफ्रिकेत शिरली आणि दहा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकाला पोचली. इथिओपियात नांगराला बैल उरले नाहीत, भीषण दुष्काळ पडला. इटलीच्या फौजेची ती गुरं भारतातून नेली होती, असं बहुतेक इतिहासकार मानतात. पुढं १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं वाटेत बेल्जियममधल्या अँटवर्पला उतरवली, आणि युरोपात पुन्हा साथ पसरली. त्या धक्क्यातून १९२४ साली पॅरिसला जागतिक पशुआरोग्य संघटना स्थापन झाली.

आपल्याकडं १८८९ च्या डिसेंबरात पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. गुरांच्या साथींवर शास्त्रीय काम करणारी देशातली पहिली प्रयोगशाळा. पण भरवस्तीत असले जंतू बाळगणं धोक्याचं, म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तीच पुढं भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. पुण्याचा मान गेला म्हणून हळहळणारे आमचे एक प्राध्यापक होते. मला मात्र तो निर्णय अगदी शहाणपणाचा वाटतो.

प्लाउराइटच्या आधीही लोकांनी हात टेकले नव्हते. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख १८९६ साली दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला आले आणि मेलेल्या जनावराचं पित्त निरोगी जनावराला टोचायची रीत त्यांनी काढली. ती काही अंशी लागू पडायची, कधी कधी रोगच द्यायची. १८९७ साली कॉख मुक्तेश्वरलाही येऊन गेले. मग सीरमची पद्धत आली. एका बाजूला रोगी जनावराचं जिवंत विषाणू असलेलं रक्त, दुसऱ्या बाजूला रोगातून वाचलेल्या जनावराचं सीरम, दोन्ही एकदम टोचायचं. विषाणूनं शरीराला धडा द्यावा आणि सीरमनं तो आटोक्यात ठेवावा, अशी कल्पना. सीरम कमी पडलं तर धडा देणारा जीव घ्यायचा. शिवाय रक्तातून गोचीडतापासारखे दुसरे रोग फुकटात मिळायचे.

१९२० च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा शेकडो वेळा फिरवला. शेळीत रुळता रुळता तो गाईसाठी सौम्य झाला, आणि एक वेळ अशी आली की सीरमशिवायही टोचता येऊ लागला. १९५४ साली भारतानं बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तो याच शेळीच्या लशीवर. माळरानाच्या काटक गावठी जनावरांना ती मानवायची. अशक्त, गाभण किंवा विलायती रक्ताच्या जनावरांना तिचा ताप भारी पडायचा, काही दगावायचीही. टोचल्यावर आठवडाभर बैल औताला धरता येत नसे. पेरणीच्या तोंडावर हे शेतकऱ्याला कसं चालावं? आमच्या आधीच्या पिढीतले पशुवैद्य गावात शिरले की लोक बैल मळ्यात नेऊन लपवत. ते त्यांचं अडाणीपण होतं असं मी म्हणणार नाही, त्यांचा हिशेब बरोबर होता.

प्लाउराइट आणि त्यांचे सहकारी आर. डी. फेरिस यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुगुगाला काम सुरू केलं तेव्हा एक नवं तंत्र हाताशी आलं होतं. अमेरिकेत एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी १९४९ साली पोलिओचा विषाणू काचपात्रातल्या पेशींवर वाढवून दाखवला होता. म्हणजे विषाणूसाठी अख्खं जनावर लागत नाही, पेशी पुरतात. प्लाउराइटनी वासराचं मूत्रपिंड घेतलं. ते बारीक चिरायचं, पाचक रसानं पेशी सुट्या करायच्या, पोषक द्रवासह काचेच्या बाटलीत सोडायच्या. दोन-चार दिवसांत त्या काचेला चिकटून पातळ थर धरतात. त्यावर विषाणू सोडायचा. बुळकांडीचा विषाणू शेजारच्या पेशी एकमेकींत विरघळवून अनेक केंद्रकांची मोठी पेशी बनवतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते चटकन ओळखता येतं. थर फाटू लागला की वरचा द्रव घ्यायचा आणि पुढच्या बाटलीत टाकायचा. पुन्हा तेच, पुन्हा तेच.

त्यांनी वापरलेला विषाणू १९१० च्या सुमारास केनियात मिळालेला, कबेटे-ओ नावाचा, भलताच जहाल. नव्वदच्या आसपास बाटल्या पालटल्यावर तो असा झाला की गाईला टोचला तरी ताप नाही, हगवण नाही, तोंडात डाग नाहीत. गोठ्यात आयतं खाणाऱ्या बैलाची औताची सवय मोडते, तसं काहीसं. नंतर जनुकांचं वाचन करता येऊ लागलं तेव्हा मूळ विषाणू आणि लशीचा विषाणू शेजारी ठेवून पाहिले. जवळजवळ सोळा हजार अक्षरांच्या त्या संहितेत शंभराहूनही कमी ठिकाणी फरक होता, आणि तो बहुतेक सगळ्या जनुकांत विखुरलेला. एखाद-दुसरा बदल उलटला तरी विषाणू पुन्हा जहाल होणं अवघड. १९६० च्या सुमारास हे प्लाउराइटना दिसणं शक्यच नव्हतं. त्यांच्याकडं होती फक्त जनावरं आणि थर्मामीटर.

खरं मोठेपण इथून पुढं आहे. लस सौम्य झाली इथं बहुतेक जण थांबले असते. प्लाउराइट प्रश्न विचारत राहिले. टोचलेल्या गाईशेजारी न टोचलेली गाय बांधली तर विषाणू तिच्याकडं जातो का? जात नाही. टोचलेल्या जनावरातून विषाणू काढून पुन्हा पुन्हा जनावरांतून फिरवला तर जुनी खोड परत येते का? येत नाही. गाभण गाईला, दुभत्या गाईला, अशक्त वासराला चालते का? चालते. आणि सगळ्यात वेळखाऊ प्रश्न: प्रतिकारशक्ती टिकते किती? याला वर्षंच द्यावी लागतात. बाहेरचा रोग शिवणार नाही अशी जनावरं सांभाळायची, आणि काही वर्षांनी त्यांना अस्सल जहाल विषाणू टोचून पाहायचा. ती ठणठणीत राहिली. एका टोचणीत आयुष्यभराचं काम होतं असा निष्कर्ष निघाला, आणि जगभरात कुठंही तो खोटा ठरला नाही.

त्यात आणखी एक पेच होता, आणि तो खरवस खाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला समजण्यासारखा आहे. माणसाचं बाळ जन्मतः आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली द्रव्यं, घेऊन येतं, ती नाळेतून त्याला मिळालेली असतात. गाईची वार तशी नाही, ती प्रतिपिंडं आत जाऊ देत नाही. वासरू जन्मतं ते कोरंच. त्याला सगळं मिळतं ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसातच. त्यानंतर आतड्याची दारं बंद होतात, मग कितीही चीक पाजला तरी तो नुसता पचतो. म्हणून मी घरोघरी सांगत आले की आधी वासराला पोटभर पाजा, उरलं तर खरवस करा. पहिल्या सहा तासांतला चीक तर वासराच्याच हक्काचा.

आता पेच असा. आई टोचलेली असेल किंवा रोगातून उठलेली असेल, तर तिच्या चिकातली प्रतिपिंडं वासराच्या रक्तात कित्येक महिने राहतात. ती रोगापासून वाचवतात खरी, पण टोचलेल्या लशीचा विषाणूही तीच मारून टाकतात. लस दिल्याची नोंद होते, वासरू मात्र संरक्षणाविनाच राहतं. चिकातून उसनी मिळालेली ताकद ओसरली की ते उघडं पडतं. बुळकांडीत हा काळ आठ-दहा महिन्यांपर्यंत लांबायचा. मुगुगाला हे मोजून काढलं गेलं आणि त्यावरून मोहिमेचा नियम ठरला: वर्षाच्या आतलं वासरू आज टोचलं असलं तरी पुढच्या फेरीत पुन्हा टोचायचं. कागदावर ही किरकोळ ओळ वाटते. पण साथीचा विस्तव जपून ठेवणारी असतात ती ही तरणी वासरंच.

१९६२ ते १९७६ या काळात आफ्रिकेतल्या २२ देशांनी मिळून मोहीम काढली. ओळीनं तीन वर्षं सगळी गुरं टोचायची. रोग अगदी थोड्या कोपऱ्यांत उरला. आणि मग जे सगळीकडं होतं तेच झालं: पैसा आटला, गाड्या दुसरीकडं गेल्या, पाहणी थांबली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या कोपऱ्यांतून रोग परत उसळला आणि एकट्या नायजेरियात लाखो गुरं मेली. लस तीच होती, तितकीच चांगली. मोहिमेचा दम सुटला होता.

आणखी एक अडचण मी स्वतः अनुभवलेली. ही लस गोठवून सुकवलेली, कुपीतल्या पांढऱ्या टिकलीसारखी. थंडच ठेवावी लागायची आणि सलाइनमध्ये विरघळवली की काही तासांतच संपवायची. सांगोला तालुक्यातलं मे महिन्याचं ऊन, थर्मासमधला वितळता बर्फ आणि तीन मैलांवरची वस्ती. सुदान-इथिओपियाच्या वाळवंटात काय होत असेल याची कल्पना करा. जेफ्री मॅरिनर या अमेरिकी पशुवैद्यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्लाउराइटच्याच विषाणूपासून उष्णता सोसणारी लस तयार केली. ३७ अंशांत, फ्रीजशिवाय, ती महिनाभर टिकायची. मग ती पशुपालकांच्याच हाती देण्यात आली. जिथं युद्धामुळं सरकारी गाडी पोचत नव्हती तिथं अफार आणि दिंका गुराख्यांनी पाठीवर पिशवी टाकून आपली गुरं स्वतः टोचली, आणि सरकारी पथकांहून त्यांचं काम सरस निघालं. पदवीधरांना हे पचायला जड गेलं, आमच्याकडंही गेलं असतं.

भारतात शेवटची बुळकांडी १९९५ साली तामिळनाडूत दिसली. त्यानंतर एक उलटं काम करायचं होतं: टोचणं थांबवायचं. लस देत राहिलात तर रोग खरोखर गेला की लशीखाली दडला, हे कळणारच नाही. लस बंद झाल्यावर जन्मलेल्या वासरांचं रक्त तपासायचं. त्यात प्रतिपिंडं सापडली नाहीत म्हणजे विषाणू त्यांना भेटलेलाच नाही. आमच्या खात्यातल्या कितीतरी माणसांनी त्या वर्षांत गावोगाव रक्ताचे नमुने गोळा केले, कोणी बातमी केली नाही, आणि शेतकरी "आता काय नवीन काढलंत?" म्हणून विचारत. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला. जगातली शेवटची नोंद २००१ ची, केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानातल्या रानम्हशींमधली. २०११ च्या मे-जूनमध्ये बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर असा नामशेष झालेला हा दुसराच रोग. प्लाउराइट त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी २०१० मध्ये वारले.

आता त्यांचे राहिलेले दोन रोग.

पूर्व आफ्रिकेतले मसाई पशुपालक शतकानुशतकं सांगत आले की विल्डबीस्ट ही तिथली रानटी हरणं व्यायला लागली की त्या कुरणात गुरं नेऊ नयेत. नेली तर तापानं मरतात, डोळे पांढरे पडतात, नाकातोंडातून शेंबूड गळतो. मॅलिग्नंट कॅटारल फीव्हर हा तो रोग. मसाई दोष देत ते विल्डबीस्टच्या वारेला. प्लाउराइटनी १९६० साली निरोगी दिसणाऱ्या विल्डबीस्टच्या रक्तातून या रोगाचा विषाणू वेगळा काढला. तो नागिणीच्या कुळातला निघाला. विल्डबीस्टची पाडसं जन्मताना किंवा जन्मानंतर लगेच तो घेतात आणि पहिले तीन-चार महिने नाकाडोळ्यांतून बाहेर टाकतात. वारेवरचा दोष पाडसांवर गेला, पण मसायांचा काळवेळेचा हिशेब तंतोतंत खरा होता. हा विषाणू विल्डबीस्टच्या अंगात जन्मभर मुक्काम करतो आणि त्याला काहीही करत नाही. जंगलात लाखो निरोगी वाहक असताना तो संपवणार कसा?

आणि यातली गंमत पाहा. सेरेंगेटीच्या भोवतालची गुरं बुळकांडीविरुद्ध टोचली गेली, तेव्हा गुरांकडून विल्डबीस्टच्या पाडसांना जाणारी बुळकांडीही थांबली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या पुढं गेले. आज टीव्हीवर आपण जे महास्थलांतर डोळे विस्फारून बघतो, त्याच्या त्या अफाट आकारामागं गाईंना दिलेली ही लस आहे. मात्र विल्डबीस्ट वाढले तसे मसायांना व्यायच्या हंगामात आपल्याच कुरणांतून जास्त मागं सरकावं लागलं. एकाच शास्त्रज्ञाच्या दोन रोगांनी एकमेकांच्या पायात पाय घातले.

तिसरा आफ्रिकन स्वाइन फीव्हर. डुकरं पटापट मारणारा, पण आफ्रिकेतल्या वॉर्टहॉग या रानडुकराला न बाधणारा. आजारी न पडणाऱ्या वॉर्टहॉगकडून तो गावातल्या डुकरांत येतो कसा? १९६९ साली प्लाउराइट आणि सहकाऱ्यांनी वॉर्टहॉगच्या बिळांतल्या मऊ अंगाच्या गोचिडांमध्ये हा विषाणू दाखवून दिला. बिळात लपलेली गोचीड वर्षानुवर्षं उपाशी राहू शकते आणि विषाणू तिच्यात जिवंत राहतो. या रोगात डुकराच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, पण ती विषाणूला नीट निकामी करू शकत नाहीत. म्हणून लस दशकानुदशकं हुलकावणी देत राहिली. २०२० साली हा रोग आसाममध्ये पोचला आणि ईशान्येतल्या डुक्करपालकांचं कंबरडं मोडलं.

तर मामा, हिशेब असा. बुळकांडीच्या विषाणूचा प्रतिकाराच्या दृष्टीनं एकच प्रकार होता, एक लस सगळ्या जगाला पुरली. वाचलेलं जनावर जन्मभर सुरक्षित आणि पोटात विषाणू लपवून ठेवणारं कोणी नाही. विषाणू उन्हात आणि हवेत लवकर मरणारा. रानातल्या जनावरांना रोग व्हायचा, पण गाईंकडून पुरवठा बंद झाला की तिथंही तो टिकत नसे. लाळ्या-खुरकूत यातल्या प्रत्येक बाबतीत उलट वागते. तिच्या विषाणूचे सात प्रकार नोंदले गेले, आपल्याकडं आजघडीला ओ, ए आणि आशिया-१ हे तीन फिरतात. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला उपयोगी नाही, आणि एकाच प्रकारातही विषाणू रूप पालटत राहतो. लस मारलेल्या विषाणूची, तिचा जोर साधारण सहा महिने. म्हणून वर्षातून दोनदा टोचावं लागतं. बरं झालेल्या गाईम्हशींच्या घशात विषाणू महिनोन्‌महिने राहू शकतो. वर गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, हरीण, सगळ्यांना होते. २०१९ पासून केंद्राचा मोठा लसीकरण कार्यक्रम चालू आहे. त्यानं साथी कमी होतील, व्हायलाच हव्यात. पण बुळकांडीसारखी एका टोचणीत सुटका कोणी कबूल केली तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

बुळकांडीच्या वाटेनं जाऊ शकेल असा रोग आहे तो पीपीआर, म्हणजे आजची शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी. विषाणू त्याच कुळातला, इतका जवळचा की प्लाउराइटची लस बरीच वर्षं शेळ्यांनाही दिली जात होती. पुढं ती थांबवावी लागली, कारण टोचलेल्या शेळ्यांच्या रक्तात बुळकांडीची प्रतिपिंडं दिसून मुक्तीची तपासणी फसायला लागली. भारतात पीपीआर पहिल्यांदा सापडला तो १९८७ साली तामिळनाडूत. आज आपण जी लस वापरतो त्यातली एक, सुंगरी, मुक्तेश्वरलाच तयार झाली. विषाणूचा प्रकार एकच, लशीचा प्रभाव कित्येक वर्षांचा, कायमचे वाहक नाहीत. २०३० पर्यंत जगातून हा रोग घालवायचं उद्दिष्ट ठरलं आहे.

अडचण फक्त शेळीमेंढीच्या आयुष्याची आहे. गाय बारा-पंधरा वर्षं गोठ्यात राहते, करडू-कोकरू वर्षाच्या आत बाजार गाठतं. कळप झपाट्यानं नवा होतो, आणि चिकाचा पेच इथंही आहेच. तीन-चार महिन्यांच्या आत टोचलं तर लस वाया जाण्याची शक्यता फार. फलटण-बारामतीकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात. त्याआधी कळपातली तीन-चार महिने ओलांडलेली कोकरं वेगळी काढून टोचली पाहिजेत, आणि बाकीच्यांसाठी वाटेवरच्या दवाखान्यानं कळप कुठं उतरला आहे त्याची चौकशी ठेवली पाहिजे.